ओल्या जंगलाचे झाड, कोरड्या मुलखात

मे महिन्यात आर्णीच्या आसपासचे जंगल पाहिले तर साग, धावडा, सालई अशी सगळी झाडे उघडीबोडकी दिसतात. अरुणावती नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठाने मात्र हिरवी रेघ ओढल्यासारखी दिसते. या रेघेत करंज असतो, आणि जांभूळ तर हमखास असते.

पाठ्यपुस्तकात जंगलांचे दोन कप्पे असतात: पानझडी आणि सदाहरित. जांभूळ कोणत्या कप्प्यात घालायचे? यवतमाळ जिल्ह्यात पाऊस साधारण हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो. महाबळेश्वरला तो पाच हजारांच्या पुढे जातो. तिथल्या सदाहरित जंगलाची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञ तीन झाडांवरून सांगतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. म्हणजे आपले नाल्याकाठचे जांभूळ तिथे जंगलातले एक प्रमुख झाड आहे. वारा आणि उथळ माती यांमुळे तिथे ते ठेंगणे राहते एवढेच.

जांभळाचे शास्त्रीय नाव सिझिजियम क्युमिनाय. लिनियसने १७५३ मध्ये त्याला मेंदीसारख्या पानांच्या ‘मिर्टस’ या युरोपीय झुडपाच्या प्रजातीत घातले होते. आजचे नाव १९१२ पासूनचे आहे. जुन्या औषधी ग्रंथांत ‘युजेनिया जांबोलाना’ असे दिसले तर गोंधळू नका, झाड तेच. सिझिजियम या प्रजातीत बाराशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आशिया-ऑस्ट्रेलियाच्या ओल्या, उष्ण जंगलांत वाढतात. कुल मात्र मिर्टसचेच, मिर्टेसी. पेरू आणि निलगिरीही याच कुलातले.

कुल ओळखण्यासाठी मुलांच्या हातात एक पान द्या. पाने समोरासमोर, जोडीने येतात. पान चिवट, चकचकीत असते. मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बारीक शिरा अगदी जवळजवळ असतात आणि कडेला पोचण्याआधीच एका शिरेला मिळतात. ही शीर पानाच्या कडेने आतून गोट लावल्यासारखी धावते. पान उन्हाकडे धरले की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळले की येणारा वास त्यांचाच.

फूल मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेही उंचावर. पण त्याची हुबेहूब बहीण स्वयंपाकघरात आहे. लवंग ही सिझिजियमचीच एक जात, इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरची, आणि आपण वापरतो ती तिची न उमललेली कळी. काही लवंगा रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी टाचणीने उघडा. वरचे चार टोकदार दात ही निदले. मधला गोळा म्हणजे एकमेकांवर दुमडलेल्या चार पाकळ्या. त्या काढल्या की आत आखडून बसलेले पुष्कळ पुंकेसर आणि मधोमध एक कुक्षिवृंत. आपण जिला दांडी म्हणतो तिच्या वरच्या भागात अंडाशय असतो, म्हणजे निदलांच्या खाली. जांभळाच्या फुलाची रचना अशीच. त्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून टोपीसारख्या गळून पडतात आणि मग फूल म्हणजे नुसता पांढरट पुंकेसरांचा झुबका उरतो. जांभळाच्या टोकाची खळगी आणि तिच्याभोवतीचे वर्तुळ हा त्या निदलपुंजाचा अवशेष. पेरूच्या टोकावरचा मुकुटही तोच.

झाडाचे ओल्या जंगलाशी असलेले नाते खरे दिसते ते बियांत. सागाच्या फळाचे कवच टणक असते. ते जमिनीत वर्ष-दोन वर्षे पडून राहू शकते, म्हणून रोपवाटिकेत पेरण्याआधी ते आलटूनपालटून भिजवावे आणि वाळवावे लागते. जांभळाच्या बीला थांबणे माहीतच नाही. ती ओलीच गळते, ओलीच रुजते, आणि वाळली की मरते. काही आठवड्यांपलीकडे ती टिकवता येत नाही. जमीन बाराही महिने दमट असेल तिथे थांबण्याची गरजही नसते. हवाई बेटांवर लावलेली जांभळे पाखरांनी बिया पसरवल्यामुळे इतकी माजली की तिथे ती उपद्रवी ठरली आहेत.

मग आर्णीत हे झाड कसे टिकते? एक तर मुळे नाल्याच्या ओलीत असतात. आणि फळ पिकते जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या तोंडावर. महिनाभर आधी पिकले असते तर बी तापलेल्या मातीवर सुकून गेली असती. पाऊस लांबला की त्या वर्षीच्या बऱ्याच बिया वाया जातात. याचा दुसरा अर्थ असा की नाल्याकाठचे जुने झाड तोडले, तर पुढे कधीतरी रुजेल असा बियांचा साठा त्या मातीत नसतो. हे झाडे तोडणाऱ्यांना सांगून उपयोग किती, कोण जाणे. पण निदान रोपे लावणाऱ्या शाळांना माहीत असावे. पिशवीत जपून ठेवलेल्या बियांची रोपे होत नाहीत आणि दोष मात्र मातीला दिला जातो.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे ऐन जांभळांच्या दिवसांत. मुलांना वीस बिया धुऊन आणायला सांगा. दहा त्याच दिवशी पेरा. दहा वर्गाच्या कपाटात ठेवा आणि दिवाळीनंतर पेरा. फरक मुलांनाच मोजू द्या.

पहिल्या दहांकडे आणखी एका कारणासाठी लक्ष ठेवावे. एका बीमधून दोन-तीन रोपे वर आलेली दिसतील. नागपुरी संत्र्यातही असेच होते. यातला एखादा भ्रूण परागणानंतर, फलनातून तयार झालेला असू शकतो. बाकीचे बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून वाढलेले असतात, म्हणजे ती रोपे गुणांनी आईचीच प्रत. कोणते रोप कोणते, हे नुसते पाहून सांगता येत नाही.