स्कोअरबोर्डवर नसलेली नावं

मॅच रंगात आली की कॅमेरा हमखास स्टँडकडे वळतो. एखाद्या क्रिकेटरची बायको किंवा गर्लफ्रेंड दोन सेकंद स्क्रीनवर दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या गॉगलवर, ड्रेसवर रील्स येतात. तुम्हीही पाहिल्या असतील, एखादी फॉरवर्डही केली असेल. अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या जोडीदारांकडेही कॅमेरा असाच वळतो. पण त्यातल्या काही जणींनी कॅमेऱ्यामागे जे काम उभं केलं, ते नवऱ्याच्या करिअरपेक्षाही जास्त काळ टिकलं. आज त्यांना भेटूया.

आधी थोडं गणित. मेजर लीग बेसबॉलमध्ये एका टीमला मोसमात १६२ मॅच खेळायच्या असतात. ८१ घरच्या मैदानावर, ८१ बाहेरगावी. फेब्रुवारीत सराव शिबिर सुरू होतं आणि सप्टेंबर संपेपर्यंत उसंत नसते. म्हणजे नवरा अर्धा मोसम सुटकेस घेऊन फिरतीवर, आणि ती अनोळखी शहरात. त्यात मध्येच 'ट्रेड' झाला की बिऱ्हाड उचलायचं. अशा वेळी टीममधल्या बायकाच एकमेकींचं घर होतात. बऱ्याच क्लबांत त्या मिळून फूड बँकेसाठी धान्य आणि डबाबंद पदार्थ गोळा करतात, लिलाव भरवतात. त्यांची एक भन्नाट आयडिया म्हणजे 'मिस्टरी बॉल'. बंद पिशवीत खेळाडूची सही असलेला चेंडू. पैसे आधी द्यायचे, सही कुणाची ते पिशवी उघडल्यावर कळणार! स्टार निघो की नवखा, पैसे मदतीलाच जातात.

नर्स, प्राध्यापक, आणि बरंच काही

१५ एप्रिल १९४७. ब्रुकलिन डॉजर्सकडून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फुटली. स्टँडमधून शिव्या यायच्या, घरी धमकीची पत्रं यायची. ती वाचणारी आणि त्या शिव्या ऐकत स्टँडमध्ये बसणारी होती त्याची बायको रेचेल. ती स्वतः नर्सिंगची पदवीधर. जॅकी निवृत्त झाल्यावर तिनं पुढचं शिक्षण घेतलं आणि येल विद्यापीठात नर्सिंग शिकवलं.

१९७२ मध्ये जॅकी गेला. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, रेचेलनं जॅकी रॉबिन्सन फाउंडेशन सुरू केलं. पुतळा उभारून ती मोकळी झाली नाही. तिनं कॉलेजच्या मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू केली. पैसे तर मिळतातच, शिवाय मार्गदर्शक मिळतो, आणि त्या मुलांनी समाजासाठी काम करावं अशी अपेक्षाही असते. पन्नासहून जास्त वर्षं झाली, फाउंडेशन चालू आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॅकी रॉबिन्सन म्युझियम उभं राहिलं, तेव्हा रेचेल शंभर वर्षांची होती!

अर्धवट राहिलेलं स्वप्न

रोबेर्तो क्लेमेंते हा पोर्तो रिकोचा हिरो. ३००० हिट्सचा मानकरी. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात मोठा भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही असं कळल्यावर तो स्वतःच सामानाच्या विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान समुद्रात कोसळलं. मागे राहिली वेरा आणि तीन लहान मुलगे.

गरीब मुलांसाठी खेळनगरी उभारायची, हे रोबेर्तोचं स्वप्न होतं. ते वेरानं हातात घेतलं. कॅरोलिना गावात मैदानं उभी राहिली, हजारो मुलं तिथे खेळली. पुढे पैशांची ओढाताण झाली आणि नगरीची पडझडही झाली. तरी वेरा २०१९ मध्ये जाईपर्यंत या कामाचा चेहरा राहिली. समाजकार्यासाठी मेजर लीग दरवर्षी 'रोबेर्तो क्लेमेंते अवॉर्ड' देते, तेव्हा ती अनेकदा मंचावर असायची.

तुमच्याच वयाची एलन

एलन केरशॉ टेक्सासमध्ये कॉलेजला असताना झांबियात जाऊन आली. तिथल्या अनाथ मुलांनी तिच्या डोक्यात घर केलं. तेव्हाचा तिचा बॉयफ्रेंड आणि पुढे नवरा झालेला क्लेटन हा डॉजर्सचा पिचर होता. लग्नानंतर तिनं त्यालाही तिकडे नेलं. २०११ च्या मोसमात त्यानं ठरवलं, दर स्ट्राइकआउटमागे १०० डॉलर झांबियातल्या बालगृहासाठी. स्ट्राइकआउट म्हणजे आपल्या भाषेत विकेटच म्हणा. त्या वर्षी त्यानं काढले २४८. हिशोब तुम्हीच करा! पुढच्या वर्षी क्लेमेंते अवॉर्ड क्लेटनला मिळालं. पण सुरुवात कुणाची होती?

आणि एरिन डोलन. २०१५ मध्ये ओकलंडच्या टीमनं 'प्राइड नाइट' जाहीर केली. काही प्रेक्षक नाराज झाले, तिकिटं विकायला निघाले. टीमचा पिचर शॉन डूलिटल याची तेव्हाची गर्लफ्रेंड एरिन म्हणाली, नको असतील तर मला द्या. निधी जमवून तिनं शेकडो तिकिटं एलजीबीटी तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मिळवून दिली. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला या दोघांनी शिकागोत सीरियातून आलेल्या १७ निर्वासित कुटुंबांना जेवायला बोलावलं.

पण हे सगळं इमेजसाठी तर नाही ना?

प्रश्न रास्त आहे. खेळाडूंच्या नावानं थाटात सुरू झालेल्या कितीतरी संस्था फोटो झाले की गुंडाळल्या जातात. मग खरं काम ओळखायचं कसं? सोपी कसोटी आहे: पाच वर्षांनी जाऊन बघा. नाव, प्रसिद्धी ओसरल्यावरही ते चालू आहे का? हिशोब कुणी ठेवतंय का? रेचेलचं काम या कसोटीला उतरतं. वेराची पडझड झालेली मैदानं आणखी एक गोष्ट सांगतात, नुसत्या जिद्दीवर संस्था चालत नाही, पैशांची सोयही लागते.

आणखी एक गोष्ट टोचते. दोन्ही संस्थांवर नाव नवऱ्यांचं आहे. मेहनत जिची, तिचं नाव शोधावं लागतं.

आता जरा आपल्या कॉलेजकडे बघा. एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास तुमच्यापैकी अनेक जण भरतात. रक्तदान शिबिरात बॅनरवर नाव एकाचं असतं. पण दात्यांना फोन करणारी, बिस्किटं आणणारी, रात्री रजिस्टर पूर्ण करणारी मुलगी कोण, हे किती जणांना माहीत असतं? पुढच्या शिबिराच्या अहवालात तिचं नाव लिहा. आणि ती मुलगी तुम्हीच असाल, तर काम पुढच्या बॅचच्या हाती सोपवून जा. शिबिर संपलं तरी काम चालू राहायला हवं.