पाणी साचतं तिथे गॅस साचतो

तारकर्ली-देवबागच्या चिंचोळ्या पट्टीत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मधल्या माडांच्या बागांत जागोजाग 'निवास व न्याहारी'च्या पाट्या. पाटी लागली की मागच्या पडवीतले सिलिंडर वाढतात. गणपतीला चाकरमानी आले की आणखी.

कायद्याची रेघ सोपी आहे. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे एका वेळी 100 किलोपर्यंत एलपीजी विनापरवाना ठेवता येतो. त्यापुढे परवाना, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो' या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा कारभार. 14.2 किलोच्या सात टाक्यांचे होतात 99.4 किलो, आठवी उतरवली की रेघ ओलांडली. 19 किलोच्या पाच बसतात. ही सूट ठेवण्यापुरती. खानावळीची सुरमई घरगुती टाकीवर तळायला 2000 सालच्या पुरवठा-वितरण आदेशाची मनाई आहेच, आणि ती किती पाळली जाते हे मालवणात कुणाला सांगायला नको.

   

पण किलो मोजून भागत नाही. हा वायू हवेच्या दीड ते दोन पट जड. एक लिटर द्रव गळला की त्याचा सुमारे 250 लिटर वायू होतो, आणि हवेत तो दोनेक टक्के झाला की ठिणगी पुरते. वर उडून न जाता तो उंबऱ्यावरून उताराला लागतो. आमची घरंही उतारावरचीच: ओटी उंच, मागचं दार सखल, पडवीच्या टोकाला न्हाणीचं चुलाण. टाकी कुठे ठेवावी, असं शेजारच्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "आधी पावसाचा पाणी खंय साचता ता बघ." तळघर, खड्डा, गटार टाळा, हे नियमातलं कलम त्यांनी न वाचताच सांगितलं.

तेव्हा टाकी उभी, कोरड्या सपाट जमिनीवर, वारा खेळेल अशा सावलीत. शेगडी तिच्याहून उंच. मांगरात जागा असते खरी, पण तिथे पेंढा, चुडतं आणि होडीच्या इंजिनाचं इंधनही असतं. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये एथिल मर्कॅप्टनचा उग्र वास घातलेला असतो. सुक्या बांगड्यांच्या खोलीत त्यावर किती विसंबायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. वास आलाच तर बटणाला हात न लावता दारं उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर येऊन 1906 फिरवायचा.

खारा वारा पत्र्यासारखीच टाकीच्या बुडाची कडीही खातो. टाकी उतरवून घेताना आधी ती कडी पाहायची, मग वरच्या पट्टीवरचं अक्षर. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. त्या मुदतीत टाकीची तपासणी व्हायला हवी. गणपतीला आलेल्या टाकीवर चालू वर्षाचा 'बी' दिसला, तर ती त्याच टेम्पोत परत चढवायची.