विसराळू सर्व्हर तुम्हांला ओळखतो कसा?

समजा, रेल्वेचे तिकीट काढण्यासाठी तुम्ही संगणकावर बसला आहात. परवलीचा शब्द एकदाच दिलात; पुढची दहा पाने बिनतक्रार उघडली. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण नवल आहे! पलीकडे एक संगणक नसून अनेक आहेत. त्यांना सर्व्हर म्हणतात. गर्दी वाटून देणारा ‘लोड बॅलन्सर’ तुमची एक मागणी या सर्व्हरकडे, तर दुसरी त्या सर्व्हरकडे पाठवतो. शिवाय वेबची भाषा, एचटीटीपी, मुळातच विसराळू. तिच्या लेखी प्रत्येक मागणी पहिलीच!

यावर 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरला एक चिठ्ठी द्यावी आणि ब्राउझरने ती प्रत्येक मागणीबरोबर दाखवावी. हीच ‘कुकी’. पण चिठ्ठीत लिहायचे काय?

एखादे मोठे रुग्णालय डोळ्यांपुढे आणा. डॉक्टर अनेक, रोगी तुम्ही.

पहिली रीत : दर खेपेस त्याच डॉक्टरांकडे जायचे. चिठ्ठी पाहून लोड बॅलन्सर तुम्हांला ठरलेल्या सर्व्हरकडेच धाडतो. पण तो सर्व्हर बंद पडला, की त्याच्या स्मरणातली तुमची ओळखही गेली.

दुसरी रीत : कागद दप्तरखान्यात, तुमच्या हाती फक्त क्रमांक. सगळे सर्व्हर एकाच सामायिक साठ्यात पाहतात. मात्र दप्तरखान्यालाच कुलूप लागले तर सगळेच अडले! म्हणून साठ्याच्या प्रती ठेवाव्या लागतात.

तिसरी रीत : शिक्का मारलेला केसपेपर तुमच्याच हाती. मजकूर आणि गुप्त किल्ली यांवरून गणिताने हा शिक्का तयार होतो. एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. किल्ली असलेला कोणताही सर्व्हर तो तपासू शकतो; दप्तरखाना नको. परंतु दिलेला कागद मुदतीआधी रद्द कसा करणार? रद्द कागदांची यादी ठेवावी, तर दप्तरखाना पुन्हा आलाच! म्हणून मुदत थोडकी ठेवतात.

थोडक्यात, स्मरण कुठेतरी ठेवावेच लागते. जागा बदलता येते. फुकट मात्र काहीच मिळत नाही.

आणखी एक. चिठ्ठी ज्याच्या हाती, तो सर्व्हरच्या दृष्टीने तुम्हीच! म्हणून शाळेतल्या संगणकावरून उठताना ‘लॉग आउट’ करायला विसरू नका.

आता विचार करा : तिसऱ्या रीतीत तुम्ही लॉग आउट केलेत, पण चिठ्ठीची नक्कल आधीच कुणी करून ठेवली असेल, तर?