लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढेना

झाशीच्या छावणीत आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. मे महिन्यात सदर बाजारातून भाजी घेऊन चढताना पाचव्या पायरीवरच बसले. छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे काजवे. ऊन बाधलं, असं मीच ठरवून टाकलं. चार महिने लोहाच्या गोळ्या घेत होते, मग रक्ताची शंका कशी येणार?

हिमोग्लोबिन निघालं ५.६. बाईला १२ तरी हवं. ८ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. डॉक्टर मॅडमनी आधी जीभ बघितली. लालबुंद, गुळगुळीत. मग विचारलं, पायांना मुंग्या येतात का? येत होत्या. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही.

लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात. माझ्या मोठ्या निघाल्या; कमी होतं ते बी-१२. बी-१२ नसलं की अस्थिमज्जेत पेशी फुगते, पण तिचं विभाजन अडतं. कित्येक तर तिथेच मरतात. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. माझं घर माळकरी, दूध मला सोसत नाही, त्यात सात वर्षं ॲसिडिटीची गोळी. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही. यकृतातल्या साठ्यावर काही वर्षं निभतं, म्हणून हे दुखणं चोरपावलांनी येतं.

मोठ्या पेशींचं एक कोडं आपल्या मुंबईतच सुटलं. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर भारतात आली आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांचा रक्तक्षय तिने हाफकिन संस्थेत अभ्यासला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये मांडलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. पण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं, तर हिमोग्लोबिन वाढतं आणि नसा मात्र आतून खराब होत राहतात. म्हणून मॅडमनी मला आधी बी-१२ची इंजेक्शनं दिली.

शेजारच्या कोल्हापूरच्या वहिनींचं हिमोग्लोबिन ७ होतं. त्यांचं रक्त दर महिन्याला पाळीत जात होतं; त्यांना लोहच हवं होतं, आणि गर्भाशयाची तपासणीही. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या सिकलसेलमध्ये पेशी वेळेआधीच फुटतात. "रक्त कमी आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, असं मी आता प्रत्येकीला सांगते. का कमी आहे, ते विचारा.

माझं आता ११ झालंय. जिने एका दमात चढते. डाव्या अंगठ्याच्या मुंग्या अजून गेल्या नाहीत.