थरथर कोठून येते?

अंधेरीहून बोरिवलीकडे जाणारी पिकअप ताशी ६० किलोमीटरला थरथरू लागली, की आपण प्रथम चाकांना दोष देतो. परंतु आधी गाडी उभी करून, गिअर काढून, इंजिन तितकेच फिरवून पाहावे. थरथर आली, तर दोष इंजिनाकडे. न आली, तर बहुधा चाकांत वा शाफ्टात. या वेगाला चाक सेकंदाला सात-आठ फेरे घेते. पुढच्या चाकाचा तोल गेला तर स्टिअरिंग हलते. मागच्या चाकांना गती देणारा शाफ्ट त्याच्या सुमारे चौपट फिरतो. त्याची बारीक घरघर बैठकीखाली जाणवते. शाफ्ट उघडताना खुणा केल्या नाहीत आणि जोड फिरून बसला, तर नवा क्रॉस घालूनही थरथर उरते. ढिला क्रॉस तर तुटून शाफ्ट रस्त्यावर पाडू शकतो. म्हणून टायरांवर पैसे खर्चण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे : ही थरथर कोणाच्या फेऱ्यांशी ताल धरते?