वृषणशोथ, गालगुंडजन्य

गालगुंड या व्हायरसजन्य रोगाचा उपद्रव म्हणून वृषणास (पुं-जनन ग्रंथीस) येणाऱ्या दाहयुक्त सुजेस ‘गालगुंडजन्य वृषणशोथ’ म्हणतात. बालपणी गालगुंड बहुधा सौम्य असतो. यौवनारंभानंतर झाल्यास मात्र सु. १५ ते ३० टक्के पुरुषांत हा उपद्रव उद्‌भवतो. इ. स. पू. पाचव्या शतकात हिपॉक्राटीझ यांनी थॅसॉस बेटावरील साथीच्या वर्णनात कानाजवळील व वृषणाच्या सुजेचा एकत्र उल्लेख केला आहे. रोग व्हायरसजन्य असल्याचे जॉन्सन व गुडपाश्चर यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले.

विकृती व लक्षणे : गालावरील सुजेनंतर साधारणपणे ४ ते ८ दिवसांनी पुन्हा ताप चढतो व वृषण सुजून अतिशय दुखू लागते. बहुधा एकाच बाजूस विकृती होते. वृषणाभोवतीचे तंतुमय आवरण ताणले जात नसल्याने आतील दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी पडतो आणि रेतोत्पादक नलिकांचा नाश होतो. बाधित वृषणांपैकी सु. ३० ते ५० टक्के वृषणे पुढे काही प्रमाणात आक्रसतात.

दूरगामी परिणाम : जननक्षमता व संभोगक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. नलिकांना इजा झाल्याने शुक्राणूंची संख्या घटू शकते. परंतु पौरुषजन हॉर्मोन निर्माण करणाऱ्या कोशिका बहुधा टिकून राहत असल्यामुळे कामेच्छा व संभोगशक्ती सहसा कायम राहतात. एका बाजूच्या विकृतीत पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. दोन्ही बाजूंच्या विकृतीत त्याचा संभव अधिक असतो. लज्जेमुळे पुरुष हा पूर्वेतिहास सांगत नाही व अपत्यहीनतेचा दोष पत्नीच्या माथी येतो. म्हणून अशा दांपत्यात पतीची रेततपासणी आरंभीच करणे न्याय्य ठरते. शुक्राणू तयार होण्यास सु. अडीच महिने लागत असल्याने ती आजारानंतर तीन महिन्यांनी करावी.

चिकित्सा : व्हायरसनाशक औषध उपलब्ध नाही. विश्रांती, वृषणास आधार, थंड शेक व वेदनाशामके एवढाच उपचार असतो. गालगुंडाविना एकाएकी वृषण दुखू लागल्यास ते पिळवटले गेल्याची शंका घ्यावी; सु. सहा तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास ते निकामी होण्याचा धोका असतो. रायगड जिल्ह्यातील म्हसळ्यासारख्या डोंगराळ तालुक्यात मोठे रुग्णालय गाठण्यातच वेळ जातो. तेव्हा घरगुती लेपांत तो दवडू नये.

प्रतिबंध : मॉरिस हिलमन यांनी आपल्या मुलीच्या घशातून १९६३ मध्ये मिळविलेल्या व्हायरसापासून बनविलेली लस १९६७ मध्ये संमत झाली. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लस १९७१ पासून उपलब्ध असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ती तयार होते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेतील लस मात्र फक्त गोवर व रुबेला यांवरील होती. म्हणून केवळ त्या मोहिमेतील टोचणीवरून मुलास गालगुंडापासून संरक्षण मिळाले असे समजू नये. म्हसळा, श्रीवर्धन या भागांतून मुंबईस व आखाती देशांत नोकरीसाठी जाणारे अनेक तरुण सामाईक खोल्यांत दाटीने राहतात. पूर्वी गालगुंड न झालेल्या वा लस न घेतलेल्या अशा तरुणांनी निघण्यापूर्वी वैद्याच्या सल्ल्याने लस घेणे हितावह होय.