हाताला येतं ते तोंडाला यावं म्हणून

फिटर ट्रेडचं दुसरं वर्ष संपत आलं की चाकण-रांजणगावच्या कंपन्या आमच्याकडच्या आयटीआयत भरतीला येतात. त्याच्या आधी काही दिवस मुलांच्या खिशात घडी घातलेला एक कागद दिसू लागतो. 'मायसेल्फ'पासून सुरू होणारा इंग्रजी परिच्छेद, कुणीतरी मोबाइलवरून उतरवलेला आणि मग वर्गभर फिरलेला. तो पाठ करण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. मी टूलरूममध्ये नोकरी केली, भरतीच्या वेळी टेबलाच्या पलीकडे बसलो आणि आता निवृत्तीनंतर या मुलांची तयारी करून घ्यायला जातो. तो कागद मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगतो. टेबलापलीकडच्या माणसाने त्या सकाळी रांगेतल्या प्रत्येकाकडून तेच ऐकलेलं असतं. त्याला ठरवायचं असतं एवढंच, की या पोराच्या हातात काम द्यावं का. ते त्या कागदावरून ठरत नाही.

म्हणून आमची तयारी वर्कशॉपमध्ये चालते. सरफेस प्लेटशेजारी एक टेबल, टेबलावर व्हर्नियर, लेथवर केलेला गोल तुकडा आणि एक फडकं. "याचा डाया सांग," एवढंच मी म्हणतो. बहुतेक मुलं व्हर्नियर उचलतात आणि थेट तुकड्याला लावतात. परवा एका मुलीने आधी फडक्याने तुकडा पुसला, व्हर्नियरचे जबडे पुसले, ते मिटवून शून्याला शून्य जुळतं का बघितलं आणि मगच माप घेतलं. तेही एका ठिकाणी घेऊन थांबली नाही. तुकडा फिरवून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा घेतलं. झीरो एरर म्हणजे काय, हे तिला विचारायची गरजच उरली नाही. पण आपण उत्तर देऊन झालंय, हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. "मी तर अजून काहीच बोलले नाही सर," ती म्हणाली. मग तिला सांगितलं, आता जे केलंस तेच करता करता बोल. जबडे का पुसलेस? दोनदा का मोजलंस? ती बोलू लागली तेव्हा एकही शब्द शोधावा लागला नाही.

लीस्ट काउंट विचारला की "पॉइंट झीरो टू एमएम" हे उत्तर सगळ्यांकडून येतं. "कसं काढलंस?" म्हटलं की पुष्कळ जण थांबतात. अशा वेळी मी फळ्याकडे जाऊ देत नाही, हातातल्या व्हर्नियरवरच मोजायला लावतो. मुख्य पट्टीवरच्या 49 मिलिमीटरच्या लांबीत सरकत्या पट्टीचे 50 भाग बसलेत, म्हणजे तिचा एक भाग 0.98 चा. मुख्य पट्टीचा एक भाग 1 मिलिमीटरचा. फरक 0.02. स्वतः बोट ठेवून मोजलेलं मूल हे सहसा विसरत नाही.

त्याच्या पुढचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, आणि चांगले मुलाखतकार तो विचारतातच. ड्रॉइंगवर भोकाचं माप 25 एच7 लिहिलंय. म्हणजे भोक 25.000 ते 25.021 च्या आत हवं. "हे व्हर्नियरने तपासशील का?" मान लगेच हो म्हणून हलते. एखादाच मुलगा थबकतो, मनाशी आकडे जुळवतो आणि म्हणतो, "नाही सर. सगळी सूटच एकवीस मायक्रॉनची आहे, व्हर्नियरचा लीस्ट काउंट वीस मायक्रॉन. गो-नो गो प्लग गेज लागेल." हे उत्तर देताना त्याने घेतलेला तो थोडा वेळ मला फार मोलाचा वाटतो. मुलांना भीती असते की गप्प राहिलो तर येत नाही असं समजतील. मी त्यांना कळकळीने सांगतो, विचार करायला वेळ घ्या, "एक मिनिट सर" म्हणा आणि खुशाल घ्या. घाईत हो म्हणणारा माणूस मशीनवरही घाईत हो म्हणेल, ही भीती पलीकडे बसलेल्याला असते.

टॅपिंगबद्दल विचारलं की मुलं नियम सांगतात: एम10 ला पिच 1.5, म्हणून ड्रिल 8.5. बरोबर आहे. पण मी विचारतो, "तुझा टॅप कधी तुटला का?" सुरुवातीला सगळे नाही म्हणतात. हाताने आटे पाडायला शिकताना टॅप न तुटलेला फिटर मी क्वचितच पाहिलाय. शेवटी एक मुलगा बोलला. पहिल्या वर्षी एम6 चा टॅप त्याच्याकडून भोकातच तुटला होता. का तुटला? सुरुवातीला ट्राय स्क्वेअर लावून काटकोन बघितला नव्हता, टॅप तिरका गेला. शिवाय थोडं पुढे फिरवून मागे घ्यायचं, म्हणजे चिप तुटते, तेही केलं नव्हतं. तुटलेला तुकडा शिल्प निदेशकांनी कसा काढला, तेव्हापासून तो स्वतः तेल कधी घालतो, टॅप जड जायला लागला की हाताला कसं कळतं, हे सगळं तो सांगत गेला. त्याची मराठी परभणीकडची, आवाज बारीक. पण ऐकणारी मुलं कामं थांबवून टेबलाभोवती जमली. मी त्याला म्हटलं, हेच असंच सांग, एक शब्द बदलू नकोस. कंपनीतल्या लाइनवर चूक होणारच. ती लपवणारा माणूस महागात पडतो आणि सांगणारा माणूस हवा असतो.

भाषेचा बाऊ फार केला जातो. या भरतीला येणारे प्रॉडक्शनचे आणि क्वालिटीचे लोक मराठी किंवा हिंदीत सहज बोलतात. टॉलरन्स, बर, रीमर, डेटम हे शब्द मुलांच्या तोंडी वर्कशॉपमध्ये आहेतच. तेवढं पुरतं.

फाइल, मूळ मार्कशीट, फोटो, स्वच्छ शर्ट, वेळेआधी पोहोचणं हे निदेशक सांगतातच. त्यावर मी वेळ घालवत नाही.

मुलींना मात्र एक वेगळी तयारी करावी लागते, आणि ती करावी लागते याचा मला राग येतो. "लग्न झाल्यावर काम सोडणार का?" हा प्रश्न अजून विचारला जातो. मुलाला तो कुणी विचारत नाही. फायलिंगचा जॉब उजेडासमोर धरल्यावर ट्राय स्क्वेअरखालून किरणही दिसू नये इतकं सपाट काम करणाऱ्या मुलीला हा प्रश्न ऐकावा लागू नये. तोवर आम्ही उत्तर तयार ठेवतो: "मला हे काम करायचंय सर, म्हणून दोन वर्षं शिकले." आणि लगेच आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीकडे बोट दाखवायचं.

शेवटी "तुला काही विचारायचंय का?" असं विचारतात. "नाही सर" म्हणून मुलं उठतात. इथे मी सगळ्यांना थांबवतो. समोरची जागा अप्रेंटिसची आहे की नोकरीची, हे विचारायलाच हवं. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा शिकाऊ उमेदवार असतो, कामगार नव्हे. मुदत संपल्यावर त्याला कामावर घेण्याचं बंधन कंपनीवर आपोआप येत नाही. हे माहीत नसल्याने घरी पेढे वाटले जातात आणि मुदत संपली की पोरगं पुन्हा गावी. म्हणून प्रश्न असा विचारायचा: स्टायपेंड किती, कोणत्या सेक्शनला काम, आणि मागच्या बॅचमधल्या किती जणांना पुढे घेतलं? मुलांना वाटतं हे विचारणं उद्धटपणा आहे. मी पलीकडे बसायचो तेव्हा असं विचारणाऱ्याच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करायचो, आणि ती खूण त्याच्या बाजूची असायची.